फोटोला हार घालून झाल्यावर: थोरांकडून काम कसं शिकायचं

पुण्यात थोरांची टंचाई कधीच नव्हती. कर्वे रस्त्याने कोथरूडला जायचं, फुले मंडईत भाजी घ्यायची, विठ्ठल रामजी शिंद्यांच्या नावाच्या पुलावरून शनिवार पेठेत उतरायचं, मुलीने सावित्रीबाई फुले विद्यापीठात शिकायचं. नावं इतकी अंगवळणी पडली आहेत की ही माणसं होती, त्यांनाही सकाळी उठून कामाला लागावं लागत होतं, हेच विसरायला होतं. मग ३ जानेवारी येते, ११ एप्रिल येते, मोबाइलवर फोटो आणि सुविचार फिरतात. एखादं व्याख्यान ऐकून आपणही भारावतो आणि दोन दिवस 'काहीतरी केलं पाहिजे' असं वाटत राहतं. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही, ऑफिसात डेडलाइन असते आणि ते वाटणं तिथेच विरतं.

दोष तुमच्या इच्छाशक्तीचा नाही. आपण थोरांकडे चुकीच्या बाजूने बघतो, शेवटाकडून. पुतळा, पदवी, विद्यापीठ, भारतरत्न. त्याने माणूस दबून जातो. कामाला लागत नाही. खुद्द या लोकांना कशाने हुरूप आला ते बघा. जोतीरावांनी अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि तसं पुण्यात करायचं मनावर घेतलं. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. १९१५ साली सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तसं विद्यापीठ आपल्याकडे हवं असं मांडलं आणि १९१६ साली ते सुरूही केलं. दोघांनीही कुठेतरी चालू असलेलं काम पाहिलं आणि आपल्या गावात, आपल्या ऐपतीत ते करून बघितलं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

एकच माणूस घ्या, तोही स्वभावाला जुळणारा

पाच थोरांची यादी करू नका, एक घ्या. तो 'सर्वांत मोठा' असण्याची गरज नाही. दोन गोष्टी तपासा: त्यांनी हाताळलेला प्रश्न आज तुमच्या गल्लीत दिसतो का, आणि त्यांची काम करण्याची तऱ्हा तुम्हाला झेपेल का.

या दुसऱ्या गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात. जोतीराव परखड, वाद अंगावर घेणारे, व्यवसाय करणारे. पुढे बांधकामाची कंत्राटं घेतली, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवला, पुणे नगरपालिकेचे सभासदही झाले. कर्वे याच्या अगदी उलट: गणिताचे प्राध्यापक, मितभाषी, सभा गाजवणं हे त्यांचं काम नव्हे, पण धरलेली गोष्ट सोडायची नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं ते घरातल्या, मध्यमवर्गीय बायकांना एकत्र करून, शिक्षण आणि कौशल्याच्या वाटेने. बाबा आढाव आयुर्वेदाचे डॉक्टर. नाना-भवानी पेठेतल्या हमालांना बरोबर घेऊन त्यांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत बांधली आणि उभा जन्म संघटनेत घातला. नरेंद्र दाभोलकर डॉक्टरकी सोडून अंधश्रद्धेच्या प्रश्नात उतरले आणि एका कायद्यासाठी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत राहिले. तो कायदा झाला २०१३ च्या डिसेंबरात, त्यांची हत्या झाल्यानंतर चार महिन्यांनी.

तुम्हाला चारचौघांत बोलताना घाम फुटत असेल तर जोतीरावांचा कित्ता गिरवायला जाऊन फजिती करून घेऊ नका, कर्वे घ्या. चौकात उभं राहून भांडायला मजा येत असेल तर बाबा आढाव घ्या. हिशेब आणि कागद आवडत असतील तर कुठल्याही संस्थेला तुमची गरज सगळ्यांत जास्त आहे. भाषण करणारे त्यांच्याकडे रग्गड असतात.

पहिली पाच वर्षं वाचा आणि चार प्रश्न विचारा

माणूस ठरला की त्याचं सगळं चरित्र वाचायच्या फंदात पडू नका. कामाला हात घातल्यापासूनची पहिली पाच वर्षं तेवढी वाचा, पण बारकाईने. एका वहीत चार प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरं शोधा: यांनी काय पाहिलं? सोबत कोण होतं? पैसे कुठून आले? काय फसलं?

जोतीरावांचं उदाहरण घेऊ. काय पाहिलं, ते वर आलंच. सोबत कोण? १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात शाळा सुरू झाली तेव्हा जोतीराव एकवीस वर्षांचे होते आणि सावित्रीबाई सतरा. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा. सदाशिव गोवंडे, मोरो वाळवेकर हे मित्र मदतीला. पुढे वडिलांनी घराबाहेर काढल्यावर आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. म्हणजे 'एकट्याने जगाशी झुंज' हे चित्र पोस्टरवरच. प्रत्यक्षात जागा देणारा एक, शिकवणारे दोन-तीन आणि हिशेब-पत्रव्यवहार बघणारे मित्र असा छोटा गोतावळा होता. तुमच्या वहीत या प्रश्नाखाली तुमच्या ओळखीची नावं लिहून बघा. जागा कोण देईल? शनिवारी दोन तास कोण देईल?

काय फसलं, हा माझा आवडता प्रश्न. ती पहिली शाळा काही महिन्यांत बंद पडली. १८४९ मध्ये घर सोडावं लागलं. मग १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा, त्याच सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. आणि १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारने जाहीर सत्कार केला. शाळेच्या पुस्तकात १८४८ नंतर थेट गौरव येतो, मधली बंद पडलेली शाळा गाळली जाते. नवख्या माणसाला खरी गरज असते ती नेमकी त्या गाळलेल्या भागाची.

कर्व्यांचं बघा. १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. पहिली पत्नी त्याच वर्षी गेली. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं आणि मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. पुनर्विवाहाला बळ देणारं मंडळही काढलं. पण थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की लग्नं लावून हा प्रश्न फार थोड्या जणींपुरता सुटतो. शिक्षण दिलं तर बाई स्वतःच्या पायावर उभी राहते. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. तिथून कर्वे कॉलेजला पायी येत-जात. आणि हे अधोरेखित करा: फर्ग्युसनची नोकरी त्यांनी १९१४ पर्यंत केली. आश्रम सुरू करून अठरा वर्षं. 'नोकरी सोडून झोकून दिलं' या गोष्टींनी आपल्याकडे बऱ्याच चांगल्या माणसांचं नुकसान केलं आहे. नोकरी सोडू नका. पगार चालू असलेला माणूस चळवळीला जास्त दिवस पुरतो.

पैशाच्या प्रश्नाखाली कर्व्यांच्या बाबतीत बरंच सापडेल: दारोदार फिरून गोळा केलेल्या छोट्या वर्गण्या, त्यांचे चोख हिशेब. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली ती १९२० मध्ये, आश्रम निघाल्यानंतर चोवीस वर्षांनी.

वाचायचं कुठे? फुल्यांचं लेखन राज्य शासनाने स्वस्तात छापलेलं आहे. कर्व्यांनी आपली हकिगत आपणच लिहून ठेवली आहे. पण एक सल्ला ऐका, घरातल्या बायकांनी लिहिलेलंही आणा. आनंदीबाई कर्वे (त्याच गोदूबाई), त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले, रमाबाई रानडे या तिघींनीही आपापल्या आठवणी लिहिल्या आहेत. थोर पुरुष मिळवतो ते आश्रमाला देऊन टाकतो तेव्हा घरात महिनाअखेर कशी निघते, हे तिथे कळतं. तुमच्याही घरात हा प्रश्न येणार आहे, तो आधी वाचलेला बरा. पुस्तकं विकत घ्यायची नसतील तर लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. नगर वाचन मंदिराची स्थापनाही १८४८ चीच. एकाच वर्षी या शहरात ग्रंथालयही निघालं आणि मुलींची शाळाही.

वारसा आज कोण चालवतंय ते शोधा

जागा बघाव्यात, पण त्यासाठी एक सकाळ पुरे. दगडूशेठ गणपतीसमोरचा भिडे वाडा बघायला जाल तर वाडा नाही. स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला. गंज पेठेतला फुले वाडा मात्र जरूर बघा. मोठं संग्रहालय बघायला मिळेल अशा अपेक्षेने जाऊ नका. साधं घर आहे, जोतीरावांची समाधी आहे आणि विहीर आहे. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याची आठवण तिथे उभं राहिल्यावर होतेच.

यापुढचं काम महत्त्वाचं. त्या हौदापासून धागा धरून आजपर्यंत या. १९७०च्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढली. तीत आधी पाहणी होती: गावोगाव जायचं आणि सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरता येतं का ते बघायचं. म्हणजे फुल्यांचा प्रश्न शंभर वर्षांनी घेतला, पण पहिल्या दिवशी घोषणा न देता आधी विहिरी बघितल्या.

दुसरा धागा कर्व्यांचा. त्यांचं विद्यापीठ म्हणजे आजचं एसएनडीटी. १९९०च्या सुमारास त्याच विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या बायका पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांपर्यंत साक्षरता घेऊन गेल्या. गेल्यावर दिसलं की अक्षरांच्या आधी दुसराच प्रश्न आहे: उकिरड्यात हात घालावा लागतो, पोलीस चोर समजतात, लोक नाकाला पदर लावतात. त्यातून १९९३ साली बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे ओळखपत्रं मिळाली आणि त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. २००८ पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा उचलते आहे. सकाळी तुमच्या दारात बादली रिकामी करणाऱ्या ताई या परंपरेत बसतात. त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे का?

असा धागा प्रत्येक सुधारकाचा निघतो. तुम्ही निवडलेल्या माणसाचा काढा. शेवटचं टोक जिथे लागेल तिथे जाऊन चालू काम बघा. मिस फॅरारची शाळा तुम्हाला तिथे भेटेल.

पायी जाता येईल असं एक काम निवडा

जगाचा प्रश्न घेऊ नका, चालत किंवा एका बसने जाता येईल असा घ्या. वाघोलीत राहणाऱ्याने वारज्याला दर शनिवारी जायचं ठरवलं तर तिसऱ्या शनिवारी नगर रस्त्याचा ट्रॅफिक त्याला घरी बसवतो.

काही कामं इथे मांडतो. ही दिसायला किरकोळ आहेत, म्हणूनच निवडली.

*शाळाप्रवेशाचा अर्ज.* सावित्रीबाईंचं नाव घेणाऱ्याला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, निवड सोडतीने. तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा नातू, सोसायटीच्या वॉचमनची मुलगी, इस्त्रीवाल्यांचा मुलगा यांपैकी कुणीतरी त्या वयाचं असतं. अर्ज बाद होतात ते कायद्यामुळे नाही, कागदांमुळे. म्हणून वेळापत्रक जाहीर व्हायच्या दोन-तीन महिने आधीच बसा. जन्माचा दाखला हवा. राहण्याचा पुरावा हवा आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि घरमालक तो करायला टाळाटाळ करतात. मालकाशी बोलायला तुम्ही सोबत गेलात तर अर्धं काम तिथेच होतं. वंचित घटकासाठी जातीचा दाखला लागतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकासाठी एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो. तो महा-ई-सेवा केंद्रातून निघतो, पण वेळ खातो. अर्जात नकाशावर घराची खूण अचूक टेकवा. ती चुकली तर शाळेपासूनचं अंतर चुकतं आणि लागलेला प्रवेशही पडताळणीत जाऊ शकतो. दहापर्यंत शाळा निवडता येतात. सोडतीनंतर एसएमएसची वाट बघत बसू नका, पोर्टलवर स्वतः जाऊन तपासा. अर्जाला फी नाही. कुणी मागत असेल तर द्यायची नाही. आणि प्रवेश झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्या मुलाला वर्गात एकटं पडल्यासारखं होत नाही ना, याची चौकशी करत राहा. अर्ज भरणं एका दुपारचं काम आहे, हे दुसरं वर्षभराचं.

*लेखनिक होणं.* दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत उत्तरपत्रिका लिहायला माणूस लागतो आणि ऐन मार्चमध्ये तो मिळत नाही. लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षेनुसार ठरलेली असते. अनेक ठिकाणी तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा लागतो, तेव्हा तुम्ही नाही तर तुमचा मुलगा-मुलगी चालेल. काम सोपं वाटतं, तसं नाही. प्रश्न सावकाश, दोनदा वाचायचा. विद्यार्थी सांगेल तेच लिहायचं, तो चुकत असेल तरी तेच. जादा वेळ मिळतो, साधारणपणे तासाला वीस मिनिटं, तो धरून दिवस मोकळा ठेवा. हो म्हणून आयत्या वेळी न जाणं हा इथला सर्वांत मोठा गुन्हा आहे, कारण त्यात समोरच्याचं वर्ष जातं.

*आपल्याच सोसायटीचा कचरा.* वर ज्या ताई आल्या त्यांच्या हातांचा विचार करा. ओला-सुका वेगळा करण्याचे फलक पुण्यात प्रत्येक जिन्यात आहेत (फलक लावण्यात आपला हात कोण धरणार?), तरी सॅनिटरी पॅड आणि डायपर सुक्यात मोकळे पडलेले असतात. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं. 'स्वच्छ'ने ही साधी युक्ती कधीपासून सांगितली आहे. सुरुवात एका मजल्यापासून करा. चार घरं, घरटी एक लाल स्केचपेन.

*वॉर्डातली एक मागणी.* पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. साधारण पावसाळ्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात. पदपथ, दिवा, बसथांब्याचं छप्पर, सार्वजनिक स्वच्छतागृह अशी कामं मागता येतात. पुढच्या वर्षी काम झालं का हे विचारायला माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो. ही मर्यादा शाप समजू नका, तिने अर्ज नेमका होतो. 'सगळी माहिती द्यावी' असं लिहू नका. 'अमुक रस्त्याच्या पदपथाच्या कामाचा कार्यादेश आणि अदा केलेल्या बिलांच्या प्रती द्याव्यात' असं लिहा. उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

यातलं एकच घ्या. दोन घेतलीत तर दोन्ही सुटतील.

संस्थेत पहिल्यांदा जाताना

काम संस्थेमार्फत करणार असाल तर आधी फोन करा, पाटी बघून थेट आत शिरू नका. आणि काय बोलता याला महत्त्व आहे. 'मला समाजासाठी काहीतरी करायचंय' या वाक्याने समोरच्या कार्यकर्तीच्या पोटात गोळा येतो, कारण आता या माणसाला काहीतरी काम शोधून द्यायचं हेही तिच्याच गळ्यात. त्याऐवजी असं बोलून बघा:

"नमस्कार ताई. मी कर्वेनगरला राहतो, बँकेत नोकरी आहे. शनिवारी दहा ते एक मोकळा असतो. हिशेब आणि एक्सेल नीट जमतं. तुमचं कुठलं काम माणसाअभावी रखडलंय का?"

"हिशेब जमतो? दादा, दोन वर्षांच्या पावत्या पडल्यात. कंटाळवाणं आहे हं."

"चालेल. येत्या शनिवारी येऊ का? तीन महिने येईन, मग पुढचं बोलू."

बघा, यात तीन गोष्टी झाल्या: कोण, किती वेळ, काय येतं. मुदतही सांगितली. पावत्या लावायला सांगितल्या म्हणून हिरमुसू नका. पावत्या लावता लावता संस्था कशी चालते, पैसा कुठे अडतो, कोण खरं काम करतं आणि कोण फक्त फोटोत असतं, हे तुम्हाला जितकं कळेल तितकं कुठल्या कार्यशाळेत कळणार नाही.

मुलांबरोबर काम असेल तर संस्था ओळखपत्र, शिफारस, कधी पोलीस पडताळणी मागेल. मागायलाच हवी. न मागणाऱ्या संस्थेबद्दल मला जास्त शंका येते. मुलांचे फोटो स्टेटसला लावू नका, घरच्या माणसांच्या आणि संस्थेच्या परवानगीशिवाय मुळीच नाही. वाढदिवसाला केक घेऊन जायचं असेल तर आधी विचारा. एकाच रविवारी चार केक येतात आणि मंगळवारी दूध नसतं.

घर, सोसायटी आणि विरोध

सावित्रीबाईंना मारले तसे शेणगोळे आज कुणी मारत नाही. आजचा विरोध सौम्य आणि चिवट असतो. घरी: "आधी स्वतःचं बघ." सोसायटीच्या ग्रुपवर: अंगठा, मग शांतता, मग कुणाचं तरी "यात आपला काय संबंध?"

घरच्यांना आधीच वेळ सांगून टाका आणि ती ओलांडू नका. शनिवारी एकला येतो म्हटलं तर एकला या. घर दुखावून काम जास्त दिवस चालत नाही, हे आनंदीबाईंच्या आठवणी वाचल्या असतील तर सांगायला नको. खर्चही ठरवून टाका: महिन्याला अमुक रुपये, त्यापुढे नाही.

सोसायटीत प्रस्ताव मांडायचा तर सभेत पहिल्यांदा मांडू नका. आधी अध्यक्षांकडे चहाला जा, मग सगळ्यांत जास्त कटकट करणाऱ्या काकांकडे जा. त्यांना मदत मागा, पाठिंबा नाही. "काका, तुमच्या मजल्यापासून सुरू करू का? तुमचं लोक ऐकतात." काकांचा अर्धा विरोध त्यांना कुणी विचारलं नाही एवढ्याचाच असतो. त्या सभेत तुमच्या आवडत्या सुधारकाचं नावही घेऊ नका. पुण्यात नाव घेतलं की चर्चा नावावर जाते, जातीवर जाते, पक्षावर जाते आणि लाल स्केचपेन राहून जातं.

लोक वाढले की

काम चार-सहा महिने टिकलं तर दोन-चार जण आपणहून येतील. त्याच सुमाराला कुणीतरी म्हणेल, "आपण संस्थाच काढू या." थांबा. संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याने किमान सात सभासद लागतात, मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, देणगीदारांना करसवलत हवी तर आयकराची वेगळी मान्यता. यातलं काही वाईट नाही, पण मुलांचे अर्ज भरणारे सात जण ऑडिटच्या मागे लागले की अर्ज कोण भरणार? आधीपासून असलेल्या संस्थेच्या छत्राखाली काम करता येत असेल तर ते करा. दुसऱ्याचा पैसा हाताळायची वेळ येईपर्यंत नोंदणीची घाई नको. ती वेळ आली की मात्र एक दिवसही उशीर करू नका, आणि तोवर गोळा झालेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवा.

तीन महिन्यांनी वही उघडा

पहिल्या मुदतीनंतर ते चार प्रश्न स्वतःला विचारा. मी काय पाहिलं? सोबत कोण टिकलं? पैसे किती गेले? काय फसलं? उत्तरं गुळमुळीत नकोत. 'छान अनुभव आला' हे उत्तर नाही. 'पाच घरांचे कागद जमवले, तीन अर्ज गेले, एक प्रवेश झाला, दोन घरमालकांनी करार करून दिला नाही' हे उत्तर आहे. त्यातूनच पुढचं काम दिसतं: प्रश्न अर्जाचा नव्हता, भाडेकराराचा होता. कर्व्यांना पुनर्विवाहाच्या कामातून शिक्षणाची गरज दिसली, साक्षरतेला गेलेल्या बायकांना ओळखपत्राची दिसली. तुमचंही काम असंच कूस बदलेल. बदलू द्या, पण आधीच्यात अर्धवट सोडलेलं काही नाही ना ते बघा.

आणि थांबायचं ठरलं तर तेही नीट करा. आजारपण येतं, बदली होते, दहावीचं वर्ष येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त गुपचूप गायब होऊ नका. महिनाभर आधी संस्थेला सांगा. कुठली फाइल कुठे आहे, कुणाचा दाखला तहसीलमध्ये अडकलाय, कोणत्या काकांशी सकाळी बोलायचं आणि कोणत्या काकांशी दुपारी एक ते चार अजिबात बोलायचं नाही, हे सगळं एका कागदावर लिहून पुढच्या माणसाला समोरासमोर द्या. एक शनिवार त्याच्यासोबत जा. त्याची मावशींशी, ताईंशी ओळख करून द्या, आणि मगच चावी द्या.